गोठ्यातील जावई

रविवारचे भोजन चालू असताना डेल्बर्ट व्हिटकम यांनी कुस्करलेल्या बटाट्यांच्या ढिगात चमच्याने एक खळगा केला, त्यात रस्सा ओतला, आणि जावयाकडे न पाहताच तो प्रश्न विचारला, जो ते एप्रिलपासून दर रविवारी विचारीत आले होते.

"मग जावईबुवा, या आठवड्यात काय केलंत?"

"बसलो होतो, मिस्टर व्हिटकम," ग्रेडी म्हणाला.

"सहाच्या सहा दिवस?"

"मंगळवारी उठलो होतो दोनदा. हात गरम केला. मग परत बसलो."

"ऐकलंस का जोलीन? मंगळवारी उठले होते हे. दमले असतील. वाढ त्यांना अजून थोडं."

"बाबा, पुरे हं!" जोलीन म्हणाली आणि तिने नवऱ्याच्या ताटात खरोखरच आणखी वाढले.

ग्रेडी टॅकेट हा बेसबॉलच्या खेळातील राखीव पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू होता, आणि तोही डावखुरा. राखीव पिचर म्हणजे असा मनुष्य की, मुख्य पिचरने सामन्याची नौका खडकावर नेऊन ठेवली म्हणजे ज्यास बोलावणे येते. बोलावणे येईपर्यंत त्याने मैदानाच्या कडेस, जाळीमागे, एका बाकावर बसून राहावयाचे असते. त्या जागेस तेथील लोक बैलांचा गोठा म्हणतात. बैलात आणि त्याच्यात भेद एवढाच, की बैलास निदान रोज जुंपतात.

ग्रेडीचे वय छत्तीस झाले होते. लग्नास नऊ वर्षे झाली होती, आणि त्या नऊ वर्षांत त्याने आठ गावांचे गोठे पाहिले होते. वरच्या, मोठ्या श्रेणीतून मात्र त्यास कधी बोलावणे आले नाही. यंदा दैवयोगाने त्याची नेमणूक बेल्फर्डच्या 'नाकतोडे' या संघात झाली. बेल्फर्ड हे नेब्रास्कातील त्याच्या पत्नीचे माहेर. त्यामुळे सासऱ्यांच्या घराचे तळघर राहावयास मिळाले आणि रविवारचा प्रश्नही त्यासोबतच मिळाला.

डेल्बर्ट यांनी एकेचाळीस वर्षे खड्ड्यात गेलेल्या मोटारी ओढून काढण्याचा धंदा केला होता. आता त्यांची कंबर साथ देईना. ऑक्टोबरपासून ट्रक, साखळदंड आणि कचेरीतील टेलिफोन ग्रेडीने सांभाळावा असे उभयतांत ठरलेले होते. ग्रेडीचा खांदाही त्याच मताचा होता. खेळ सुटण्याचे दुःख त्याने मनातल्या मनात केव्हाच भोगून टाकले होते. उरली होती ती एकच इच्छा. अंगातील सदरा उतरवण्यापूर्वी या मनुष्याने आपणास एकदा तरी, एका तरी फलंदाजाविरुद्ध चेंडू टाकताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. नऊ वर्षे बसून खाल्लेला जावई म्हणून त्या ट्रकवर चढणे त्यास मान्य नव्हते.

म्हणून जून महिन्यात जोलीनने वडिलांसाठी हंगामाचे तिकीट काढले. चौथ्या रांगेतील खुर्ची. गोठ्यातून अगदी समोर दिसणारी.

पहिले दोन सामने ग्रेडी बसून राहिला आणि डेल्बर्टही बसून राहिले. तिसऱ्या सामन्यात, आठव्या डावात, त्यांना भूक लागली. ते हॉट डॉगच्या रांगेत उभे असताना गोठ्यातील टेलिफोन वाजला, ग्रेडी मैदानात गेला आणि अकरा चेंडूंत त्याने तिघांना बाद केले. डेल्बर्ट परतले तेव्हा तो मैदानातून बाहेर येत होता.

"अजून फेऱ्याच मारतायत वाटतं," ते शर्टावरील मोहरीची चटणी पुसत जोलीनला म्हणाले.

चौथ्या सामन्यात ग्रेडीची पाळी आली तेव्हा ते प्रसाधनगृहात होते. पाचव्या सामन्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला म्हणून ते जिन्यात उभे होते. तिन्ही वेळा ग्रेडीने समोरच्या संघास एकही धाव काढू दिली नाही.

या गोष्टीकडे प्रथम लक्ष गेले ते ओस्वाल्दोचे. हा सांतो दोमिंगोचा राहणारा, गोठ्यात पिचरांचे चेंडू झेलणारा आणि टेलिफोन उचलणारा गृहस्थ होता. बेसबॉलच्या खेळात ज्या पायमोज्यांनी सामना जिंकला ते मोजे पराभव होईपर्यंत धुवावयाचे नसतात, हा नियम तो प्राणापलीकडे पाळीत असे. त्यामुळे त्याच्या शेजारी कोणी बसत नसे.

"भाऊ, तुझा सासरा खुर्चीत नसला की तुझा चेंडू वळतो," तो म्हणाला.

"योगायोग आहे रे."

"तीनदा? तीनदा योगायोग नसतो, तीनदा म्हणजे कायदा. म्हाताऱ्याला उठवायलाच पाहिजे."

"अरे पण मला त्यांना दाखवायचंय! त्यासाठीच तर ते येतात!"

"दाखव की. ऑक्टोबरात दाखव, अंगणात. आत्ता आपण दुसऱ्या नंबरवर आहोत."

संपूर्ण गोठ्याने मान डोलावली. एका मनुष्याच्या इच्छेसमोर चोवीस मनुष्यांची आशा उभी राहिली म्हणजे भल्या माणसास बोलता येत नाही. ग्रेडी गप्प बसला. आणि हीच त्याची चूक झाली.

डेल्बर्ट व्हिटकम यांस खुर्चीतून उठविण्याचा हमखास उपाय सर्व गावास ठाऊक होता. कोणाची मोटार अडकली असे कानी आल्यावर तो मनुष्य चर्चमधील प्रार्थनेतूनही उठत असे. संघाचे सामान सांभाळणाऱ्या लेस्टरकडे एक जुनी लाल गाडी होती. सामन्याच्या पाचव्या डावात लेस्टरने ती मैदानामागच्या चिखलाच्या चरात नेऊन घालावी, गोठ्यातील टेलिफोन ग्रेडीसाठी वाजला की ध्वनिक्षेपकावरून घोषणा व्हावी, अशी योजना ठरली.

"कृपया लक्ष द्या. मागील चरात एक लाल गाडी अडकलेली आहे. श्री. व्हिटकम उपस्थित असल्यास..."

वाक्य पूर्ण होण्यापूर्वीच श्री. व्हिटकम उठलेले असत.

पहिल्या खेपेस त्यांनी गाडी ओढून काढली आणि लेस्टरला चार उपदेश केले. दुसऱ्या खेपेस त्याच चरातून तीच गाडी काढताना ते म्हणाले, "बाळा, आरसा लावलाय ना गाडीला? बघत जा त्यात." तिसऱ्या खेपेस ते घरी येऊन जोलीनला म्हणाले, "तुझ्या नवऱ्याच्या संघात एक ठार आंधळा आहे. पण चाकरीला आहे बरं का! बसत नाही."

ग्रेडीने हे ऐकले आणि त्यास अन्न गोड लागेना. इकडे त्याच्याविरुद्ध सलग नऊ सामन्यांत एकही धाव निघाली नव्हती. नाकतोडे पहिल्या क्रमांकावर चढले होते. वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र आले, डेल्बर्ट यांनी ते पाहिले आणि "उभे आहेत की!" एवढेच म्हणाले.

ऑगस्टच्या अखेरीस तीन आठवडे पाऊस पडला नाही. चर कोरडा ठणठणीत झाला. सहाव्या घोषणेनंतर डेल्बर्ट तेथे पोहोचले, वाकून चाकांखालची माती त्यांनी बोटांनी चाचपली आणि खिडकीवर टकटक केले. आत लेस्टर भुईमुगाच्या शेंगा खात, रेडिओवर सामना ऐकत बसला होता.

"ही गाडी अडकलेली नाही," डेल्बर्ट म्हणाले.

"नाही, साहेब."

"मग मी इथं कशाला आलोय?"

लेस्टरचा स्वभाव खोटे बोलण्याचा नव्हता. तो केवळ गाडी खोटी अडकवीत असे. त्याने सर्व हकिकत सांगून टाकली. "तुम्ही परत गेलात ना, तर ते सगळे मला फाडून खातील हो. अजून दोघं बाद व्हायचेत. बसा ना. शेंगा घ्या."

डेल्बर्ट यांच्या मुद्रेवर क्रोध आला, थोडा वेळ थांबला, आणि मार्ग न सापडल्यामुळे निघून गेला. नाट लागेल म्हणून ते स्वतः एकेचाळीस वर्षांत कधी बर्फाचे वादळ असताना ट्रक धुवावयास गेले नव्हते. काही गोष्टी मनुष्याने करावयाच्या नसतात हे त्यांस कळत होते. ते पलीकडच्या दाराने आत शिरले.

"आवाज वाढव जरा," ते म्हणाले.

घरी त्यांनी याविषयी चकार शब्द काढला नाही. रविवारचा प्रश्नही त्या रविवारी विचारला गेला नाही.

अंतिम फेरीपूर्वीच्या, हंगामाच्या शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी लेस्टर ग्रेडीला म्हणाला, "तुमचे सासरे आता घोषणेची वाटसुद्धा बघत नाहीत. गोठ्यात तुम्ही उभे राहिलात, की आपले आपण उठून माझ्या गाडीत येऊन बसतात. शेंगा स्वतःच्या आणतात."

ग्रेडी त्या रात्री झोपला नाही. जो मनुष्य आपणास आळशी समजतो असे त्याने धरले होते, तोच मनुष्य आपल्या यशासाठी, न बोलता, पैसे देऊन घेतलेल्या खुर्चीचा त्याग करीत होता. सकाळी न्याहारीच्या वेळी तो म्हणाला,

"मिस्टर व्हिटकम, आज तुम्ही खुर्ची सोडायची नाही."

डेल्बर्ट पावाच्या कोपऱ्यापर्यंत लोणी पसरीत होते. "आणि हरलात तर? अंतिम फेरी गेली तर सगळं गाव माझ्या नावानं खडे फोडील."

"फोडू दे. हा कदाचित माझा शेवटचा सामना ठरेल. मला तुम्ही बघायला हवे आहात."

"मला बसवत नाही हो. एवढ्या वर्षांत बोलावणं आलं आणि मी बसून राहिलो, असं झालेलं नाही."

"आज बोलावणं मला येईल. तुम्ही फक्त बसायचं. जमेल?"

"न जमायला काय झालं? बसायचं तर आहे," डेल्बर्ट म्हणाले, परंतु त्यांच्या हातातील सुरी थांबली होती.

दुपारी दोन वाजता सामना सुरू झाला. नवव्या डावात दोन्ही संघ तीन-तीन धावांवर होते. पाहुण्यांचे दोघे बाद झालेले. तिसरा बाद झाला की त्यांची पाळी संपणार होती. परंतु त्यांचा एक चपळ धावक पहिल्या बेसवर, म्हणजे धावण्याच्या वाटेवरील पहिल्या थांब्यावर, उभा होता आणि त्यांचा सर्वांत धिप्पाड फलंदाज खेळावयास येत होता. गोठ्यातील टेलिफोन वाजला. ग्रेडी उठला. ओस्वाल्दोने चौथ्या रांगेकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला.

"कृपया लक्ष द्या. मागील चरात एक लाल गाडी..."

डेल्बर्ट अर्धे उठले. जोलीनने त्यांच्या पँटचा पट्टा मागून धरला.

"बाबा, बसा!"

"अगं, खरंच अडकली असली तर?"

एव्हाना ही गोष्ट सर्व प्रेक्षकांस ठाऊक झालेली होती. मागील रांगांतून आरडाओरडा सुरू झाला. "डेल्बर्ट, उठ की! गाडी अडकलीय!" "म्हातारबा, जा ना रे, पाया पडतो!" डेल्बर्ट यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. बसून राहण्यास एवढे बळ लागते हे त्यांस सत्तराव्या वर्षी कळत होते.

ग्रेडीने सरावाचे चेंडू टाकले. ते जमेस धरीत नाहीत. मग पंचाने खूण केली. फलंदाजाने बॅट उगारली. ग्रेडीने चौथ्या रांगेकडे एक दृष्टी टाकली. सासरे तेथे होते आणि पापणीही लववीत नव्हते. आयुष्यातील सर्वोत्तम चेंडू टाकण्याचा त्याने निश्चय केला.

तेवढ्यात त्यास दिसले की, पहिल्या बेसवरील धावकाचा सर्व भार पुढच्या पायावर गेलेला आहे. तो बेस सोडून दुसऱ्या बेसकडे पळण्याच्या बेतात होता.

नऊ वर्षांची इच्छा एकीकडे, आणि नऊ वर्षांची सवय दुसरीकडे. हाताने मनास विचारलेच नाही. चेंडू फलंदाजाकडे जाण्याऐवजी पहिल्या बेसकडे गेला. धावक अधांतरी सापडला आणि बाद झाला. पाळी संपली. ग्रेडी मैदानातून बाहेर आला. नंतर नाकतोड्यांची पाळी आली, आणि त्यांच्या दुसऱ्याच फलंदाजाने चेंडू कुंपणापलीकडे धाडून सामना जिंकला. नियमानुसार विजयी पिचर म्हणून ग्रेडी टॅकेट याचे नाव फळ्यावर लागले. त्यासमोर फलंदाजास टाकलेल्या चेंडूंची संख्या लिहिलेली होती, कारण बेसकडे फेकलेला चेंडू मोजीत नाहीत: शून्य.

मैदानामागील चरात लेस्टरची गाडी त्या दिवशी खरोखरच रुतली होती. सकाळी मैदानाला पाणी देणाऱ्याने नळ चालू ठेवला होता. डेल्बर्ट साखळी लावीत होते. ग्रेडी जाऊन दुसरे टोक धरून उभा राहिला. 

"शेवटी तुम्ही बसलात," ग्रेडी म्हणाला, "आणि मी एकही चेंडू टाकला नाही. तुम्ही म्हणत होतात तेच झालं. काही न करता जिंकलो."

"एकही नाही?"

"शून्य."

डेल्बर्ट यांनी आकडा अडकवला आणि कंबर धरून सरळ झाले. "फेब्रुवारीत एका बाईचा फोन आला. बर्फाचं वादळ. चाळीस मैल गेलो, समोरचं दिसेना. पोचलो, तर माझे दिवे बघूनच तिनं घाबरून असा काही पाय दाबला, की गाडी आपोआप बाहेर. मी साखळी खालीसुद्धा काढली नव्हती."

"मग?"

"मग काय? पूर्ण पैसे घेतले," डेल्बर्ट म्हणाले. "पोचलो होतो ना." ते ट्रकमध्ये चढले आणि खिडकीतून डोके बाहेर काढून म्हणाले, "आणि ते मिस्टर-बिस्टर आता पुरे. डेल्बर्ट म्हण. ओढ, ओढ, सैल सोडू नकोस!"

अंतिम फेरीत ग्रेडीची पाळी आली नाही. तो बसून राहिला.

डिसेंबरात पहिले वादळ झाले. कचेरीत टेलिफोनसमोर ग्रेडी बसला होता आणि शेगडीशेजारी डेल्बर्ट. टेलिफोन वाजला. ग्रेडी उभा राहिला आणि रिसीव्हर उचलण्यापूर्वी सवयीने त्याने डावा खांदा दोनदा फिरवला. महामार्गावर एक मालवाहू गाडी घसरली होती.

ग्रेडीने किल्ल्या घेतल्या. तेवढ्यात डेल्बर्ट आपला कॉफीचा पेला घेऊन उठले, मागच्या खोलीत गेले, आणि दार लोटून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"डेल्बर्ट? काय झालं?"

"काही नाही. तू जा," आतून आवाज आला. "उगाच नाट लागायला नको."