चार पायांची अट

"चार पायाचं काही चालनार नाई," खोलीची साखळ काढता काढता मनकर्णाबाई म्हणाली. "कुत्रं नाई, मांजर नाई, बकरी नाई, पोपट नाई."

"पोपटाले दोनच पाय असते, माय," सूर्यभान म्हणाला.

"मंग समजून घे, माही अट किती पक्की हाय."

सूर्यभाननं समजून घेतलं. त्याच्यामागे त्याची बायको कौशल्या कमरेवर टोपली घेऊन उभी होती. टोपलीवर जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला होता. तो तुकडा हळूच वर झाला आणि पुन्हा खाली बसला.

"त्याच्यात काय हाय?"

"सरकी," सूर्यभान म्हणाला.

"सरकी श्वास घेते?"

"माह्या कमरेत उसण भरली, माय," कौशल्या शांतपणे म्हणाली. "मी हालतो, म्हून टोपली हालते."

मनकर्णाबाईनं टोपलीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. एक लांब श्वास नाकानं आत ओढला. मग बाजूला होऊन म्हणाली, "घ्या खोली."

त्या सालात अमरावतीत खोली मिळणं म्हणजे देव भेटण्यासारखं होतं. समुद्रापलीकडे कुठंतरी गोऱ्यांची आपसात जुंपली होती आणि त्यांचा कापूस अडकला होता, म्हणून वऱ्हाडच्या काळ्या मातीतल्या बोंडाला एकाएकी मान आला होता. गावोगावच्या बैलबंड्या वखारींपुढे येऊन थांबत. माणसं बंड्यांखाली निजत, बैल माणसांच्या उशाशी निजत, आणि सगळ्यांवर रुईचा पांढरा भुरा उडत राही. दिवस मावळायच्या वेळी पाहावं तर सारं शहर कुणीतरी पांढरं पांघरूण घालून झाकून ठेवल्यासारखं दिसे.

सूर्यभान एका वखारीत तोलाईच्या कामावर होता. सगळा हंगाम त्यानं बंडीखाली काढला होता. भातकुलीहून बायकोला आणावं तर तिचं एकच उत्तर: "छप्पर पायजे, आन् शिंद्या पायजे. दोन्हीतलं एक नसन तं मी आपली माहेरीच बरी." छप्पर मिळालं ते शहराच्या परकोटाच्या आत, तटातल्या खुनारी खिडकी नावाच्या लहान दरवाज्यापासून हाकेच्या अंतरावर. फार मागं तिथं माणसं कापली गेली होती असं लोक सांगत, आणि म्हणूनच ही एक खोली रिकामी राहिली होती.

शिंद्या म्हणजे मसण्या उद, उदमांजराची जात. शिंदीच्या झाडाखाली पडलेलं त्याचं पिल्लू कौशल्यानं उचलून आणलं, दुधाच्या बोळ्यावर वाढवलं. आता तो मांजराहून लांब झाला होता. दिवसभर कोपऱ्यातल्या सरकीच्या पोत्याआड निजे आणि दिवेलागणीला खिडकीतून धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छपरावर, चढे. मसणातली मढी उकरतो म्हणून लोक त्याच्या नावानंच थुंकत. शिंद्यानं जन्मात मढं पाहिलं नव्हतं. त्याला केळं आवडे.

त्याच्यात खोड एकच होती. जिथं जिथं तो आपली हद्द आखी, तिथं तिथं वास सुटे. आणि तो वास होता थेट नुकत्याच शिजलेल्या भाताचा.

दुसऱ्या कुठल्या मुलखात हा वास खपून गेला असता. पण वऱ्हाड ज्वारीचा मुलूख. सांजसकाळ भाकर. भात शिजायचा तो लग्नात, नाही तर पितरांच्या नावानं.

पहिल्यांदा वास आला तो शेजारच्या पार्वताबाईला. ती दिव्याला तेल मागायला आली आणि अंगणातच थबकली.

"मनकर्णे, भात टाकला का वं?"

"घरात तांदुळाचा दाना नाई."

"मंग ह्यायनं टाकला असन," म्हणत पार्वताबाईनं सरळ भाडेकरूंच्या चुलीत डोकं घातलं. तव्यावर भाकर होती. पार्वताबाई सावकाश मागं फिरली. "सूर्यभान, तुले वास नाई येऊन राहिला?"

इथंच सूर्यभान चुकला. येतो म्हणाला असता तर वासाचा शोध घेतला गेला असता, हे खरं. पण मग दोन थापा मारून वेळ निभावली असती. तो घाबरून म्हणाला, "वास? मले तं काईच येत नाई."

"मलेबी नाई," कौशल्या म्हणाली.

धाब्यावरून बारीकसा खुडखुड आवाज आला. मनकर्णाबाईनं वर पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ज्यायनं त्यायच्या हातचं खाल्लं, त्यायलेच येत असन वास."

पार्वताबाई तेल न घेताच घरी गेली.

'ते' म्हणजे मनकर्णाबाईचा नवरा नत्थुजी. त्याला जाऊन दोन वर्षं होत आली होती. ज्वारीच्या मुलखात जन्मून हा माणूस रोज सांजच्याला भात मागायचा, आणि अर्धा आपण खाऊन अर्धा जनावरांना घालायचा. त्याच्यापाशी दोन कुत्री होती, मुंगूस होतं, हरणाचं पाडस होतं, एक लंगडं वानर होतं. मरताना त्यानं बायकोला इतकंच सांगितलं, "माह्या जनावरायले हाकलू नोको." मनकर्णाबाईनं महिन्याभरात सगळी हाकलली. वर साऱ्या गल्लीला ऐकवलं, "आयुष्यभर जनावरायची घान काढली. आता ह्या घरात जनावर आलं, तं मी नावाची मनकर्णा नाई."

आता गल्लीच्या तोंडी एकच गोष्ट झाली. नत्थुजी परत आला. भात मागतो. संध्याकाळी माणसं त्या घरापुढून जाताना बोलणं थांबवीत. धाब्यावर रुईचा भुरा साचला होता आणि सकाळी त्यात पावलं दिसत, पाच पाच बोटांची. लहान मुलाच्या तळहाताएवढी.

"माणूस मेल्यावर बारका होते का गा?" पार्वताबाईनं सूर्यभानला विचारलं.

"मले काय मालूम," सूर्यभान म्हणाला. "मी अजून मेलो नाई."

मनकर्णाबाईनं तांदूळ आणले. रोज दिवेलागणीला ती मूठभर भात शिजवून पत्रावळीवर वाढी, धाब्यावर ठेवी आणि खाली येऊन पायरीवर बसे. सकाळी पत्रावळ चाटूनपुसून स्वच्छ. शिंद्याचं पोट टोपलीत मावेनासं झालं.

"त्याले आवर, कौशल्या," सूर्यभान काकुळतीला आला. "सापडला तं बिऱ्हाड रस्त्यावर येईन. मंग पुन्हा बंडीखाली."

"बंडीखाली तुमी. मी अन् शिंद्या भातकुलीले."

"अवं, त्या बुढीच्या जिवाले घोर लागला. तिले वाटते नवरा येते."

"मंग जाऊन सांगा, नवरा नाई, उद हाय."

हे सांगायची सूर्यभानची छाती नव्हती. खरं तर हल्ली दिवेलागणीला धाब्यावर आवाज झाला की आधी त्याचाच हात छातीकडे जाई. मग तो सरकीच्या पोत्याआड पाही, शिंद्या तिथं नाही याची खात्री करी आणि तेव्हा कुठं त्याला धीर येई.

आखाजी जवळ आली. पितरांना घास टाकायचा दिवस. पार्वताबाईनं सुचवलं, "आखाजीच्या आंधी धाब्यावर लाल मिरच्याची धुनी देऊ. काय असन ते खोकलत खाली येईन."

खोकलत खाली काय येईल, हे सूर्यभानला चांगलं ठाऊक होतं. त्यानं बायकोच्या हातापाया पडून शिंद्याला टोपलीत घातलं, रिकाम्या परतणाऱ्या बंडीवर बसून भातकुली गाठली आणि साळ्याला, देवीदासला, सांगितलं, "खुराड्यात बांधून ठेव. आखाजी झाली का नेतो." देवीदासनं शिंद्याच्या पोटाकडे पाहून विचारलं, "दाजी, तिकडे उदालेबी पगार भेटते काय?"

सूर्यभान हलका होऊन परतला. धुनी झाली. सारी गल्ली खोकली. वरून कुणी आलं नाही.

पण त्या दिवशी दिवे लागले आणि भाताचा वास आला.

'भिंतीत मुरला असन,' सूर्यभाननं मनाची समजूत घातली. सकाळी पत्रावळ रिकामी होती. 'मांजर असन.' भुऱ्यावर मात्र पाऊल एकही नव्हतं. 'वाऱ्यानं पुसलं असन.'

"खरं सांगा," कौशल्या दबक्या आवाजात म्हणाली, "तुमी शिंद्याले नेलंच नाई. इथंच कुठं सोडलं."

"देवीच्यान नेलं."

"मंग वास?"

"भिंतीत मुरला."

"आन् भात?"

"तू जास्ती इचार करून नोको राहू," सूर्यभान म्हणाला आणि खिडकी लावून घेतली.

आखाजीच्या दुपारी मनकर्णाबाईच्या धाब्यावर पत्रावळ मांडली गेली. पुरणाची पोळी, आमरस, कुरडया आणि मधोमध भाताची मूद. खाली अंगणात गल्ली जमली होती. कावळा येईना. आदल्या दिवशीच्या मिरचीचा ठसका हवेत होता. एरवी दहा येणारे कावळे लांबच्या निंबावर बसून गंमत पाहत होते.

मनकर्णाबाई हात जोडून उभी राहिली. "काशीले तुमच्या नावानं दिवा लावीन," ती म्हणाली. कावळा आला नाही. "दारचा आड साफ करीन." नाही. "तुमच्या बहिनीशी बोलीन." गल्लीत कुजबुज झाली, कारण ही फार मोठी गोष्ट होती. तरी कावळा नाही.

मनकर्णाबाई बराच वेळ निंबाकडे पाहत उभी होती. मग पदर सावरून मोठ्यानं म्हणाली, "बरं. जनावरं हाकलली ते चुकलं. ह्या घरात पुन्हा जनावर ठेवीन."

निंबावरून एक कावळा सुटला, सरळ येऊन मुदीवर बसला.

पार्वताबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मनकर्णाबाई पायऱ्या उतरून खाली आली आणि सगळ्यांदेखत सूर्यभानपुढे उभी राहिली. "आयकलं? आता अट उलटी झाली. माह्याच्यानं ह्या वयात जनावर पाळनं होत नाई. ते तुमी पाळायचं. जनावर नाई, तं खोली नाई."

दुसऱ्या दिवशी सूर्यभान पहाटेच भातकुलीला निघाला. शिंद्या खुराड्यातच होता, वाळून अर्धा झाला होता. "रोज तिथंच होता का?" सूर्यभाननं विचारलं.

"दोरी पाहा ना दाजी," देवीदास म्हणाला. "गाठ तुमचीच हाय."

गाठ त्याचीच होती. सूर्यभाननं ती सोडली आणि शिंद्याला टोपलीत घातलं.

तो घरी पोचला तेव्हा दिवे लागत होते. मनकर्णाबाई पायरीवर बसली होती. कौशल्यानं टोपलीवरचा तुकडा सोडला. शिंद्यानं डोकं बाहेर काढलं. सूर्यभान आता ओरडा होणार म्हणून डोळे मिटून उभा राहिला.

"वाळला मेला," मनकर्णाबाई म्हणाली. "काल-परवापर्यंत तं खाऊन खाऊन फुगला असन."

सूर्यभाननं डोळे उघडले. "तुले मालूम होतं, माय?"

"पयल्या दिवशीच. टोपलीतून वास आला तवाच. यायनंबी ठेवला होता एक, वरच्या माळ्यात, गल्लीले पत्ता नाई. असाच भातावानी घमघमे." ती शिंद्याच्या कानामागे खाजवू लागली. "पन म्याच तं ढोल वाजवून सांगतलं होतं, ह्या घरात जनावर येनार नाई. आता कोन्या तोंडानं म्हनू का मले जनावर पायजे? म्हटलं, गल्लीले वाटते ते आले, तं त्यायलेच मागू देऊ."

"आन् कावळा?" कौशल्यानं विचारलं.

"कावळ्याचं काय. निंबावरून पंख झाडताना दिसला तवा म्या जनावराचं नाव काढलं. आंधी काढलं असतं तं वाया गेलं असतं."

सूर्यभान मटकन खाली बसला आणि पोट धरून हसू लागला. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं होतं. "अन् मी येडा," तो म्हणाला, "धुनीच्या आंधीच याले भातकुलीले नेऊन बांधला. आज आनला."

मनकर्णाबाईचा हात शिंद्याच्या कानामागे थांबला.

"कवा नेला?"

"धुनीच्या आंधी, माय."

"मंग आखाजीले हा इथं नवता?"

"नाई."

"धुनीच्या राती?"

सूर्यभानचं हसू ओठांवरच वाळलं. मनकर्णाबाई उठून उभी राहिली. "म्या तं रोज भात ठेवला," ती हळू म्हणाली. "रोज पत्रावळ साफ होती."

धाब्याच्या पायऱ्यांवरून वास खाली उतरू लागला. गरम, मऊ, नुकत्याच वाफ जिरलेल्या भाताचा. शिंद्या टोपलीतून निघाला आणि धाब्याकडे न जाता कौशल्याच्या काखेत तोंड खुपसून बसला.

"सूर्यभान," मनकर्णाबाईनं विचारलं, "तुले येते का वास?"

इतके दिवस तो नाही म्हणत आला होता. "येते, माय," तो म्हणाला.

"येईनच. आता तू घरचा झाला." मनकर्णाबाईनं डोक्यावरून पदर ओढून घेतला, घरधनी दारात आल्यावर बाई घेते तसा. मग पायऱ्यांकडे पाहून, रोजच्याच कुरकुरीच्या आवाजात म्हणाली, "आले तं आले. पाय धुऊन आत या."

पायरीजवळच्या रांजणावर पालथा घातलेला पाण्याचा गडवा खळकन वाजला.

वारा असन, असं सूर्यभान म्हणणार होता. त्यानं अंगणात पाहिलं. रुईचा भुरा जिथल्या तिथं तरंगत होता.