इद्वल प्रोबर्टची तटस्थता

"मेना, तू बघच! एकाही माणसाचा रोष न घेता आजची सभा पार पाडतो की नाही ते!"

इद्वल प्रोबर्टने न्याहारीच्या टेबलावर ही गर्जना केली, तेव्हा त्याची बायको पावाला लोणी लावत होती. तिची सुरी जागच्या जागी थांबली.

"सगळ्यांचं राहू दे. गेथिन आज परिषदेचा नेता झाला नाही, तर तू घरी येताना कुठे झोपायचं ते ठरवूनच ये!"

गेथिन म्हणजे मेनाचा धाकटा भाऊ, मजूरवाल्यांचा, म्हणजे मजूर पक्षाचा, म्होरक्या. त्याच्यासमोर नेतेपदाला उभी होती हेलेद पॅरी, वेल्श राष्ट्रवाल्यांची, म्हणजे प्लाइडची. आता या हेलेदला इद्वलने खुशाल नाराज केलं असतं, पण तीच पडली पुरुषांच्या गायनवृंदाची संचालिका! आणि यंदाच्या आइस्तेदवोदच्या गाण्याच्या मेळ्यात एकट्याने गायचा तुकडा तिने इद्वलला देऊ केला होता. त्या तुकड्यासाठी इद्वल उमेदीच्या वयापासून झुरत होता. अडकित्त्यातल्या सुपारीलासुद्धा त्याची दया आली असती!

वेल्समधल्या आमच्या ग्लिन अवर जिल्हा परिषदेचा जन्मच मुळी भांडणातला. सरकारने कधीकाळी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन परिषदा धरल्या आणि त्यांचं लग्न लावून दिलं. खालच्या कोळशाच्या खोऱ्यात आजोबांच्या काळापासून मजूरवाले. तिथे दिव्याच्या खांबाला लाल फीत बांधली तरी तो निवडून येतो म्हणतात. एकदा आलाही होता, आणि रस्ते समितीचं काम त्याने बऱ्यापैकी केलं! मधल्या बाजारगावात प्लाइडवाले. आणि वर डोंगरात, मेंढ्यांच्या मुलखात, सगळे स्वतंत्र. तिथे दुसऱ्याविरुद्ध निवडणूक लढवणं हा शुद्ध असभ्यपणा समजतात.

पूर्वी या स्वतंत्रांचा एकच गट होता. पुढे सभागृहातल्या ऊब देणाऱ्या गरम नळीजवळ कुणी बसायचं यावरून तो फुटला. एक 'स्वतंत्र गट' झाला, दुसरा 'खरा स्वतंत्र गट'. दोघांत दोन-दोन माणसं. एकाने दिवस म्हटलं की दुसरा रात्र म्हणणार! त्यामुळे एक गट इकडे तर दुसरा तिकडे: मजूरवाले चौदा अधिक दोन, प्लाइडवाले चौदा अधिक दोन, आणि कुठल्याच गटात नसलेला, थंडीत कुडकुडत कोपऱ्यात बसणारा एकटा इद्वल. त्याचं मत पडेल तो नेता!

म्हणून तर त्याने ती नामी युक्ती काढली होती. सभेचा अध्यक्ष व्हायचं! अध्यक्षाने गळ्यात घालायची चांदीची साखळी इतकी जड की त्या खुर्चीवर कुणी बसायला तयार नसतं. आणि अध्यक्षाने मत द्यायचं नाही, ही आमची जुनी रीत.

"पण दोघांची मतं सारखी पडली तर?" मेनाने विचारलं.

"छट्! प्लाइडचा इआन्तो रिशिअर्ट येतोय कशाला! मे महिन्यात त्याच्या मेंढ्या व्यायला लागतात. जन्मात तो या वार्षिक सभेला आलेला नाही. एक मत कमी, गेथिन विजयी! आणि मी मतच दिलं नाही म्हटल्यावर हेलेद मला बोलणार काय?"

युक्ती इतकी चोख होती की दुपारी सभा सुरू होईपर्यंत इद्वल खुशीत गुणगुणत होता. साखळी गळ्यात पडली. त्याने सभागृहावर नजर फिरवली. इआन्तोची खुर्ची रिकामी! इद्वलला तिचा मुका घ्यावासा वाटला.

तेवढ्यात भिंतीवरचा मोठा पडदा उजळला. पडद्यावर बाह्या खांद्यापर्यंत सारलेला इआन्तो, आणि त्याच्यामागे बॅऽऽ बॅऽऽ!

"ऐकू येतंय का रे सगळ्यांना?"

इद्वलने पडद्याकडे बोट दाखवलं. "हे... हे चालतं?"

"घरून हजेरी चालते," परिषदेच्या कायदा अधिकारी बुद्दुग पेन्री म्हणाल्या.

"पण ते घर नाही बाई, मेंढवाडा आहे!"

"मेंढवाडाही चालतो. डोंगरावरच्या सभासदांची सोय म्हणून मागच्या वर्षी तुम्हीच तसा ठराव आणला होता, अध्यक्षमहाराज."

हात वर झाले. मोजले. सोळा आणि सोळा!

"अध्यक्षांचं निर्णायक मत," बुद्दुगबाई शांतपणे म्हणाल्या.

"चहा!" इद्वल किंचाळला. "आधी चहा! सभा तहकूब!"

पण दारातच गेथिनने त्याची बाही धरली. "दाजी, ताईला काय सांगू?"

दुसऱ्या कानाशी हेलेद. "इद्वल, तुझा वरचा सूर आज कापरा लागतोय रे. मेळ्यासाठी दुसरा कुणी बघू का?"

"आलोच! जरा... जाऊन येतो!" म्हणत इद्वल सुटला, तो थेट भाषांतर ऐकायचे हेडफोन ठेवायच्या कोठडीत शिरून आतून कडी लावून बसला. मेंढी कात्रीखाली थरथरते तसा तो अंधारात थरथरत होता. बाहेर दोघांनी दार ठोठावलं. गोंजारलं. धमकावलं. मग सगळं शांत झालं आणि फक्त कुजबुज ऐकू येऊ लागली.

"हा काही बाहेर येत नाही, गेथिन."

"दाजी ना! लग्नातही असाच लपला होता... काय गं, पहिली दोन वर्षं मी आणि पुढची तू, जमेल?"

"शिक्षण खातं माझ्याकडे?"

"घे!"

सभा पुन्हा भरली. मजूरवाले आणि प्लाइडवाले एक झाले! सत्ता म्हटल्यावर दोन्ही स्वतंत्र गटही गरम नळीचं भांडण विसरून आत घुसले. बत्तीस हात वर गेले. इआन्तोच्या हातात तर नुकतंच जन्मलेलं ओलं कोकरू होतं! इद्वलला आनंदाने रडू फुटायचंच बाकी होतं. मत नाही, रोष नाही, गेथिन खूश, हेलेद खूश!

"आता विरोधी पक्षनेता," बुद्दुगबाई म्हणाल्या.

"कोण तो?"

"सत्तेत नसलेले सभासद एकच उरलेत. साखळी काढा, महाराज."

"मी? या दोघांच्या विरोधात?"

"दर सभेत. भाषण आत्ताच करायचंय. अभिनंदन चालणार नाही, विरोध हवा."

इद्वल उभा राहिला. इकडून गेथिन डोळे वटारून बघत होता, तिकडून हेलेद भुवई उंचावून. ज्याने कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही असा एखादा विरोध... एखादा अगदी चिमुकला विरोध... आणि त्याला तो सापडला! त्याने छाती भरून घेतली आणि कडाडला,

"सभासदहो! आजचा चहा अत्यंत पांचट होता!"

सगळ्यांच्या माना मागच्या दाराकडे वळल्या. वार्षिक सभेचा चहा आमच्याकडे पाळीपाळीने एकेका चॅपलच्या, म्हणजे प्रार्थनाघराच्या, बायका करतात. यंदा पाळी कुणाची, हे विचारायचं इद्वलला सुचलंच नव्हतं. त्याने हळूच मान वळवली. मागच्या दारात, चहाच्या मोठ्या भांड्याशेजारी, ॲप्रन बांधलेली मेना उभी होती.

"तू तर प्यायलाच नाहीस, इद्वल," ती म्हणाली.