महाराज डोंगरमाथ्यावर अडकले त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. चहूंकडून समुद्राने वेढिलेले हे बेटाचे राज्य सुखरूप असो, आणि लिहिणाराचे सोललेले गुडघे लवकर बरे होवोत. शके सोळाशे त्र्याण्णव, खरनाम संवत्सर, मार्गशीर्षमासी श्रीमंत महाराज काही कारण नसता डोंगर चढले, ती हकीकत ऐसीजे.

ते दिवशी महाराजांची एकुलती कन्या सगुणाबाईसाहेब समुद्रापार सासरी जावयाच्या होत्या. दुपारी भरती भरली की गलबत सुटणार, आणि मग पुन्हा भेट कधी, देव जाणे. वाड्यात ओटीची तयारी चालली होती आणि महाराज गच्चीवर आले, तो आभाळ घासल्या ताटासारखे स्वच्छ, डोंगराचा माथा लख्ख, आणि मग हुजुरांस लहर आली. म्हणाले, "काय दिवस उगवला आहे! चला, माथ्यावर जाऊन येऊ." बाईसाहेब म्हणाल्या, "आबासाहेब, आजच का?" महाराज म्हणाले, "हा गेलो आणि हा आलो. तुला निरोप दिल्याशिवाय राहीन का?" आणि निघाले, आणि मागे कारभारी विसाजीपंत निघाले, आणि चवरीवाले निघाले, आणि आम्हांसही दौतीसकट ओढिले. बरोबर पाण्याचा तांब्यादेखील कोणी घेतला नाही!

चढताना काही अडले नाही. माथ्यावर महाराज "वाहवा" म्हणाले, आणि मग परत फिरले, तो विसाजीपंत ओरडले, "हुजूर, थांबावे!" कारण की थोरल्या महाराजांनी दोन कायदे करून ठेविले आहेत: महाराजांचे पुढे कोणी चालू नये, आणि महाराजांहून उंच कोणी उभे राहू नये, मोडील त्याचे शिर जावे. आता उतरताना पुढे चालावे तर पहिला मोडतो, आणि मागे राहावे तर दुसरा. महाराज वैतागून म्हणाले, "सर्वांस माफी!" पंत म्हणाले, "माफी गादीवर बसून द्यावी ऐसी रीत आहे, आणि गादी खाली आहे." या मनुष्यास काय म्हणावे! महाराज दोन पावले उतरले, तो पंत गळा काढून रडले, "आमची शिरे गेली!" आणि महाराज दयाळू, ते पुन्हा वर आले. मग पंतांनी काथ्याकूट मांडिला, की उलटे चालल्यास पुढचा तो मागचा होतो किंवा कसे, आणि ऊन डोक्यावर आले, आणि आमची जीभ टाळूस चिकटली, तरी पंतांचे तोंड मिटेना.

इतक्यात खाली भरती भरली. हवा इतकी निवळ की गलबतावर बाईसाहेबांचा हिरवा शालू दिसत होता. महाराजांनी बेंबीच्या देठापासून हाका मारिल्या, दोन्ही हात हालविले, आणि गलबताने शीड उभारिले आणि गेले. महाराज शीड दिसेनासे होईतो पाहत राहिले. मग म्हणाले, "हात धरा. सगळे एका ओळीने, आडवे उतरा. कोणी पुढे नाही, कोणी वर नाही." आणि तैसेच करवंदीच्या जाळ्यांतून, फाटत, खरचटत उतरलो.

पुढे गलबताचा तांडेल परत आला आणि मुजरा करून म्हणाला, "बाईसाहेब डोंगर दिसेनासा होईस्तोवर बघत होत्या, महाराज. हसत होत्या, रडत होत्या. म्हणाल्या, 'पाहिलंस? मी जास्त वेळ दिसावी म्हणून आबासाहेब एवढ्या उन्हात डोंगर चढले.'" महाराजांनी मान खाली घातली, आणि मग आम्हांकडे वळून हळूच म्हणाले, "तैसेच लिहा."

सारांश इतकाच, की महाराज कन्येस अधिक वेळ पाहावे म्हणून डोंगर चढले. वरील बाकी मजकूर वाचणाराने विसरावा.