बोंबीलच्या रंगाचा गालिचा

गालिचा ही वस्तू माणूस पायाखाली घालण्यासाठी विकत घेतो आणि मग डोक्यावर घेऊन जपतो. घरात कुत्रा असला तर या जपण्याचं शास्त्र होतं, आणि त्या शास्त्रात सोनिवलीच्या हरिचंद्र यांच्याएवढा जाणकार सबंध बदलापुरात नाही. (तशी पाहणी त्यांनी स्वतःच केली आहे.)

हरिचंद्र यांची भातशेती गेली, तिथे टॉवर आला आणि त्यात चौथ्या मजल्यावर त्यांना फ्लॅट मिळाला. जन्मभर चिखलात घट्ट उभा राहिलेला माणूस चकचकीत लादीवर घसरू लागला. त्यांचा कुत्रा बोंबील, तोही घसरू लागला. डॉक्टर म्हणाले, गालिचा घाला. (हे कुत्र्याचे डॉक्टर. हरिचंद्र यांच्या डॉक्टरांनी नुसतं ‘जपून चाला’ म्हटलं होतं.)

निवडीचं काम हरिचंद्र यांनी अंगावर घेतलं. मॅचिंग ब्लाउजपीस आणायला बायका साडी सोबत नेतात. त्याच न्यायाने त्यांनी बोंबीलला विंचरलं, निघालेले केस रुमालात बांधले आणि उल्हासनगरचा बाजार गाठला. केसाच्या रंगाचा गालिचा घेतला की गळलेला केस दिसत नाही. आणि जो दिसत नाही तो गळलाच नाही, असं धरून चालतात. मोठमोठी कामं याच तत्त्वावर पार पडतात.

सिंधी दुकानदाराने रुमाल उघडला. "चाचा, साडी किधर है?"

"साडी नाय, कुत्ता है. कुत्ते का मॅचिंग दिखाओ."

दुकानदार जराही बिचकला नाही. केस घेऊन तो दारात गेला. "उजाले में देखो. ट्यूबलाइट में सब कुत्ता एक जैसा दिखता है. और वो गुच्छेवाला मत लो, नाखून अटकेगा. ये दबा हुआ लो."

मॅचिंग इतकं बिनचूक जमलं, की गालिच्यावर झोपलेला बोंबील दिसेनासा झाला. पहिल्या आठवड्यात त्याच्या शेपटीवर एकूण अकरा पाय पडले. त्यातले नऊ हरिचंद्र यांचे. तरी निवड अचूकच ठरली, कारण केस एकही दिसला नव्हता.

सून जिज्ञासा अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी अधिकारी. तिने घरात नियम लागू केले. बाहेरून आल्यावर बोंबीलचे चारही पाय पुसावेत. बसण्यापूर्वी त्याला विंचरावं. खाणं गालिच्यापासून दूर द्यावं. काही सांडलं तर कोरड्या फडक्याने टिपावं, घासू नये. वासासाठी सोडा भुरभुरावा. आणि तिसरा डाग पडला की बोंबीलची रवानगी शहाडला, तिच्या माहेरी.

या शेवटच्या कलमाचा हरिचंद्र यांनी धसका घेतला. तरुणपणी मिठागरावर काम केल्याच्या त्यांच्या गोष्टी शेवटपर्यंत ऐकणारा घरात बोंबील एकटाच उरला होता. तरीही दोन डाग पडले, आणि दोन्ही वेळा हरिचंद्र गप्प राहिले. (वडीलधाऱ्यांनी लहानसहान चौकशीत तोंड घालू नये, अशी आपली रीत आहे.)

रविवारी मुलगा धर्मेश बोंबीलला इंजेक्शन द्यायला अंबरनाथला घेऊन गेला. हरिचंद्र आल्याचा चहा नि खारी घेऊन गालिच्यावर ऐसपैस बसले. खारी बुडाली, अर्धी तुटली, पडली. घासू नये हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी घासलं.

रविवारची उशिरा उठलेली जिज्ञासा हॉलमध्ये आली. "तिसरा डाग. बाबा, ठरलं होतं ना? बोंबील शहाडला जाणार."

हरिचंद्र यांनी सुस्कारा सोडला. "काय करनार बाय, मुका जीव."

स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी तुळशीबाई कडाडल्या, "मुका हाय म्हनूनच! कुत्रा गेलाय अंबरनाथला नि डाग परलाय सोनिवलीत. लय लांबून नेम धरला त्यानं!"

जिज्ञासाने खाली वाकून वास घेतला. "आल्याचा वास आहे. बोंबील चहा कधीपासून प्यायला लागला?" मग जुन्या दोन डागांची फेरतपासणी झाली. तिथेही आलंच निघालं.

बोंबील निर्दोष सुटला. आता शहाडला हरिचंद्र यांना पाठवावं का, यावर चर्चा झाली; पण व्याह्यांनी कुत्रा सांभाळायची तयारी दाखवली होती, बोंबीलच्या मालकाची नव्हे. म्हणून सगळे नियम जसेच्या तसे हरिचंद्र यांना लागू झाले. ते पाय पुसून आत येतात. त्यांना विंचरण्यात येतं. त्यांचा चहा चपलांच्या कपाटाजवळ, स्टुलावर मिळतो. गोष्ट सुरू झाली की बोंबील उठून स्टुलाशी येतो, शेवटपर्यंत ऐकतो आणि मग गालिच्यावर आपल्या जागी जातो. हरिचंद्र यांची काही तक्रार नाही. नियम चांगले आहेत.

वाचकांनी हसावं, हरकत नाही. फक्त हसून झालं की आपल्या घरात एकदा नजर टाकावी आणि स्टूल कुठे ठेवलंय ते पाहावं. त्यावर आज कोणी बसलेलं नसेल, तर घरच्यांनी ते कोणासाठी आणून ठेवलंय, हे विचारायच्या भानगडीत मात्र पडू नये.