गेनबा अस्वलाची शिंक

एका जंगलात एक रॉक बँड होता. हसू नका, मुलांनो. तुमच्या गल्लीत गणपतीला जे वाजतं, त्यापेक्षा पुष्कळ बरा होता.

बँडचं नाव ‘कोल्हेकुई’. गायला रणधीर कोल्हा, गिटारवर साळूताई साळिंदर आणि ड्रमवर गेनबा अस्वल. त्यांचा पहिला अल्बम तुफान गाजला. गाण्यांमुळे नव्हे हं. तो एका धुळकट गुहेत रेकॉर्ड केला होता आणि एका गाण्यात, ऐन भरात, गेनबाला सणसणीत शिंक आली होती. ती काढून टाकायची राहून गेली. झालं! सगळं जंगल त्या शिंकेवर फिदा. वरातीत तीच, हरणांच्या मोबाइलवर तीच. सशांची पोरं तर ती जागा आली की गाण्याबरोबर शिंकायची.

गेनबाला मात्र त्या गाण्याची लाज वाटायची. कारण शिंकेनंतर त्याचा ठेका चुकला होता, आणि हे त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. दुसऱ्या अल्बमसाठी त्याने जिवाचं रान केलं. पंजांना घट्टे पडले. मधाच्या पोळ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. या वेळी कुणीतरी आपला ड्रम ऐकावा, एवढीच त्या बिचाऱ्याची इच्छा होती.

दुसरा अल्बम वाघुळकरबाईंच्या स्टुडिओत ठरला. बाई म्हणजे वटवाघूळ. हेडफोन लावून छताला उलट्या लटकायच्या आणि सगळं सुलटं ऐकायच्या. स्टुडिओ असा चकचकीत, की धुळीचा कण सापडेल तर शपथ.

गेनबाने पहिलं गाणं वाजवलं. असं वाजवलं, की बाहेरच्या मुंग्या ठेक्यात चालू लागल्या.

“छान,” रणधीर म्हणाला. “शिंक कुठंय?”

“आली नाही.”

“आली नाही म्हणजे? लोक काय तुझी बडवाबडवी ऐकायला येतात?”

इथेच माशी शिंकली. गेनबा मात्र शिंकेना.

मग उपाय सुरू झाले. तपकीर दिली. मिरच्यांची धुरी दिली. तिने रणधीरचेच डोळे सुजले. साळूताईंनी स्वतःचा काटा उपटून गेनबाच्या नाकात फिरवला. गेनबाला गुदगुल्या झाल्या आणि तो हसला. ते हसू वाघुळकरबाईंनी लगेच पुसून टाकलं.

“अहो बाई, एकदा ड्रम तरी ऐका ना,” गेनबा काकुळतीला आला.

“ऐकला की,” बाई वरून म्हणाल्या. “एकही चूक नाही. असलं कोण विकत घेणार?”

शेवटी त्याला थंडगार ओढ्यात गळ्यापर्यंत बसवून ठेवलं आणि थरथरत स्टुडिओत आणलं. गेनबा फडाफडा शिंकू लागला. रणधीरने आनंदाने त्याला मिठीच मारली. प्रत्येक गाण्याला ताजी शिंक मिळाली. अडचण एकच होती. ड्रमच्या आवाजात शिंकेतले बारकावे हरवत होते. म्हणून ड्रम काढून टाकला.

दुसरा अल्बम पहिल्यापेक्षा जास्त खपला. समीक्षक घुबडाने लिहिलं, ‘पहिल्या शिंकेत उमेद होती, या शिंकांत परिपक्वता आहे.’

सिंहमहाराजांनी गेनबाला भर दरबारात शाल पांघरवली, नारळ दिला आणि माईक पुढे केला. गेनबाने मनाशी ठरवलं होतं, आज सांगायचंच.

“महाराज, मी खरं तर ड्रम वा...”

शाल लोकरीची होती.

“आऽऽक्छी!”

दरबार उठून उभा राहिला. टाळ्या थांबेनात. गेनबाला रडू कोसळलं, पण एवढ्या सर्दीत ते कुणाच्या लक्षात येणार?

तात्पर्य : मुलांनो, रियाज जरूर करावा. मात्र सर्दीवर औषध घेऊ नये.