तारमास्तर केळुसकर आणि डॉस

केळुसकरकाकांच्या दारावर पाटी होती : ‘बेल वाजवा. एकदाच. थांबा.’ सोसायटीत सगळे या पाटीला हसत, पण बेल एकदाच वाजवत.

काका तार ऑफिसातून निवृत्त झालेले. तारेला शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे जन्मभर लोकांची वाक्यं छाटताना त्यांची स्वतःचीही आखूड झाली होती. मुलाच्या लग्नात ‘दोन शब्द बोला’ असा आग्रह झाला, तेव्हा ते उदार होऊन चार बोलले : ‘जेवण गरम. उठा लवकर.’ तो मुलगा पुढे बंगलोरला गेला आणि काका तीन खोल्यांत एकटे राहिले.

बेलापूरला आमच्या सेक्टरचं सार्वजनिक वाचनालय होतं. मी चिटणीस, काका समितीवर. महाप्याच्या एका कंपनीने पुस्तकांची यादी ठेवायला आम्हाला दोन जुने कॉम्प्युटर दिले, पण आतून पुसून. त्यात डॉस घालायचं की विंडोज, ते तुम्ही ठरवा म्हणाले. तोवर आमच्या समितीने ठरवलेली सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे पंख्याची जागा. एका सभासदाने मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडीही आणली होती. ती फुकट आहे हे कळताच समितीचा तिच्यावरचा विश्वास उडाला.

अध्यक्ष उभे राहिले. ‘एकविसावं शतक आपल्या दारात उभं आहे...’

‘बेल वाजवेल. मुद्दा सांगा,’ काका म्हणाले.

मुद्दा सोपा होता. विंडोजमध्ये चित्रावर माउस न्यायचा, डॉसमध्ये काळ्या पडद्यावर इंग्रजी हुकूम टाइप करायचा. काका डॉसची पुस्तिका वाचून आले होते आणि प्रेमात पडले होते. ‘यादी हवी? डीआयआर. पडदा पुसायचा? सीएलएस. तीन अक्षरं. पाल्हाळ नाही.’

अखेर एका यंत्रात हे, दुसऱ्यात ते घालून आठवडाभर बघायचं ठरलं.

त्या आठवड्यात काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून रोज उघडायच्या वेळी हजर. डॉसशेजारी खुर्ची टाकून बसत. पुस्तक शोधायला येणाऱ्याला हुकूम ठाऊक नसे, त्यामुळे प्रत्येकाला काकांना विचारावंच लागे. ‘काका, आता काय दाबू?’ हे वाक्य ते दिवसातून वीसदा ऐकत आणि दरवेळी गंभीरपणे उत्तर देत. निवृत्तीनंतर त्यांना कुणी इतकं काही विचारलं नव्हतं. विंडोजपुढे रांग असे, पण तिथे कुणी कुणाला काही विचारत नसे.

गावठाणातल्या म्हात्रेबाई आठवड्याला दोन कादंबऱ्या वाचणाऱ्या. रांग टाळून त्या काकांकडेच येत. गुरुवारी काका डोळे तपासायला वाशीला गेले होते. शुक्रवारी बाई म्हणाल्या, ‘काल तुमी नव्हता काका. मशीन हाय, पन तुमी नाय. मंग मी तशीच घरी गेले.’

काकांनी स्वतःच हुकूम टाइप करून बाईंच्या कादंबऱ्या शोधल्या.

शनिवारी समितीत मतं समसमान पडली. काकांचं तेवढं राहिलं होतं आणि ते कशाला पडणार हे सगळ्यांना माहीत होतं.

‘विंडोज,’ काका म्हणाले.

अध्यक्ष इतके चकित झाले, की भाषण करायचं विसरले. जिन्यात मी काकांना कारण विचारलं.

‘बाई परत गेल्या. पुस्तकाविना.’

दोन्ही यंत्रांत विंडोज आलं. म्हात्रेबाई आता स्वतःच माउस फिरवून पुस्तक शोधत. काका रोज येत, त्याच खुर्चीत बसत. पण त्यांना कुणी काही विचारेना. आठ-दहा दिवसांत इस्त्री गेली, मग दाढीही वाढू लागली.

एका संध्याकाळी वाचनालय बंद करताना मी म्हणालो, ‘काका, हे मशीन बंद कसं करायचं हो?’

ते मी रोज बंद करत होतो. रोज त्यांच्यासमोर.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची जवळ ओढली.

‘बसा. खाली डाव्या कोपऱ्यात स्टार्ट लिहिलंय, दिसतंय ना? आता गंमत बघा, बंद करायला आधी स्टार्टच दाबावं लागतं. आमच्या तार ऑफिसात एक साहेब होते, त्यांचंही असंच. बदली होऊन आले तेव्हा पावसाळा होता आणि सगळ्या लाइनी...’

शिपाई किल्ल्या घेऊन दोनदा डोकावून गेला. मी शब्द मोजले नाहीत. काकांनीही नाहीत.