मधल्या थराला काम नसतं

सासरेबुवांच्या सुतारशाळेत सकाळी सकाळीच ठिणगी पडली. दारात बेकरीवाला हातगाडी घेऊन हजर, आणि ज्या गाठाळ फळ्या भट्टीसाठी न्यायच्या, त्याच गायब!

"बाबा, मी त्यांची तुळई केलीय," जावई म्हणाला. तीन जावयांतला हा मधला. नोकरी सोडून सासऱ्यांच्या सुतारशाळेचा कोपरा धरून बसलेला. "लाकूड कठीणच आहे, नुसत्या गाठी आहेत. वर-खाली चांगल्या फळ्या, मधे या. गोंद लावून घट्ट दाबल्यात. सगळा ताण वरच्या-खालच्या थरावर येतो. मधल्या थराला फारसं काम नसतं."

"ते मी तुमच्या लग्नापासून बघतोय."

जावयाची बायको फिस्सकन हसली. त्याने डोळे वटारले, तशी आणखीच हसली.

"ठेवा घोड्यांवर," सासरे म्हणाले. "मोडली तर तुकडे भट्टीत, कोपरा रिकामा, आणि जावईबापू परत नोकरीला."

"आणि टिकली तर?"

"टिकू तर द्या!"

लाकूड टेकवायच्या या चौपायी घोड्या सासऱ्यांनी स्वतः केलेल्या. एकही गाठ नसलेलं अव्वल लाकूड, हे घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. दोन घोड्यांवर तुळई आडवी पडली. तिच्यावर भुशाची पोती चढली. मग लाकूड आवळायचा लोखंडी शेगडा. मग धार लावायचा दगड. तुळई बोटभर वाकली आणि गप्प बसली.

"मोडली का?" बेकरीवाल्याने मान आत घातली. "तिकडे पीठ फुगून बाहेर येतंय माझं!"

"थांब रे! अगं, तू बस."

सासूबाई मटाराचं ताट घेऊनच बसल्या. शेजारी बायको. तेवढ्यात हातोडी मागायला थोरले साडू आले. चांगले भरभक्कम. त्यांनाही बसवलं. लाकूड कुरकुरलं. जावयाने तुळईला कान लावला. मधल्या थरात लिंबाएवढी एक गाठ होती, ते त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"आई, हळू सोला ना," तो कळवळून म्हणाला.

"मटार सोलल्याने तुळई मोडते होय रे?"

"मोडली का?" बाहेरून.

आता सासऱ्यांचा संयम सुटला. "सरका!" म्हणत त्यांनी टोकाला धपकन बसकण मारली.

कडाड!

जावयाने डोळे घट्ट मिटले. गेला कोपरा. उघडले तेव्हा तुळई तिरपी, आणि सासूबाई, बायको, साडू असे सगळे घसरून सासऱ्यांच्या अंगावर. वरून मटार.

"मोडली! बघा, मोडली!" ढिगाखालून सासरे.

जावयाने वाकून तुळईवरून हात फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "बाबा, तुळई धड आहे. घोडी मोडलीय."

"घोडी कोणी केली होती हो?" मटार वेचता वेचता सासूबाईंनी विचारलं. त्यांना चांगलं माहीत होतं.

बेकरीवाल्याने आत येऊन घोडीचा तुटका पाय उचलला. "काहीतरी मोडलं ना? हेच नेतो मग."

"ठेव ते!" सासऱ्यांनी पाय हिसकावला आणि उजेडात धरला. जिथे तुटला होता तिथे, अगदी आत, काळी कुळकुळीत गाठ. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. मग फुंकर मारून भुसा उडवला आणि भिंतीकडे बघत पाय जावयापुढे धरला.

"घ्या. मधल्या थरात चालेल."